कांदोळीपासून कुंकळ्ळीपर्यंत: गोव्यातल्या बंडांची दोन दिवसांची सहल कशी आहे?

माझं मत आधी सांगते. पैसे वसूल होतात. शनिवारचा दिवस चुकवू नये असा आहे, रविवारची आखणी मात्र मोडून नव्यानं करायला हवी. माणशी ३,२०० रुपये घेतात. त्यात मिनीबस, दोन्ही दिवसांचं दुपारचं जेवण, पाणी आणि वाटाड्याचं मानधन आलं. मुक्कामाची सोय नाही. बाहेरगावच्यांनी पणजीतच राहावं, कारण दोन्ही दिवशी बस सकाळी सातला पणजीच्या बसस्थानकापासून सुटते आणि खरोखर सातलाच सुटते. मी फोंड्याहून पहिल्या बसनं येत होते.

चालवणारा गट लहान आहे. दुकान नाही, पाटी नाही, सगळं तोंडोतोंडी चालतं. मला आमच्या वाचनालयातल्या एका ताईंनी नंबर दिला. मुख्य वाटाडे म्हणजे निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. सोबत बस चालवणारा त्यांचा भाचा आणि हिशेब-जेवण सांभाळणारी एक मुलगी. गाडीत आम्ही बारा-तेरा जण होतो: म्हापशाच्या कॉलेजातली चार पोरं, कोल्हापूरचं एक कुटुंब, पुण्याचं जोडपं, बाकी गोंयकार. बोलणं मराठीतून, अधूनमधून कोकणीतून.

मी फोंड्यात दुकानदारांची खाती लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. इतिहास शाळेनंतर वाचला तो स्वतःच्या हौसेनं. शाळेत आम्हाला १८ जून (१९४६ ची लोहियांची सभा) आणि १९ डिसेंबर (१९६१ ची मुक्ती) या दोन तारखा पाठ होत्या आणि मधलं सगळं ‘पोर्तुगीजांचा जुलूम’ या दोन शब्दांत आटोपलेलं होतं. साडेचारशे वर्षं जुलूम चालला तर मग लोक १५८३ मध्ये का उठले, १७८७ मध्ये का, १८५२ मध्ये का? मधल्या वर्षांत कर नव्हते का, पोलीस नव्हते का? ही सहल याच प्रश्नाभोवती बांधलेली आहे, आणि मला ती आवडण्याचं मुख्य कारण हेच. पहिल्या थांब्यालाच सरांनी विचारलं, “जुलूम रोजचाच होता. मग नेमकं त्याच वर्षी का?” कुणालाही उत्तर देऊ दिलं नाही. म्हणाले, दोन दिवस डोक्यात ठेवा.

तो पहिला थांबा म्हणजे पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५ मध्ये उभारलेला. बाईवर संमोहनाचा प्रयोग करणारा तो झगेवाला पाद्री आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिलेला असतो आणि फोटो काढून पुढे जातो. सरांनी संमोहनावर फार वेळ घालवला नाही. फारियाचा जन्म कांदोळीचा, १७५६ चा. ज्या कटासाठी पंधरा गोंयकार फासावर गेले, त्या कटवाल्यांशी त्याचे आणि त्याच्या वडिलांचे लिस्बनमध्ये संबंध होते, इथून त्यांनी सुरुवात केली.

हा पिंटोंचा कट, गोव्यातली पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा. सहलीतला हा भाग सर्वांत दमदार आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

१७६१ मध्ये लिस्बनमध्ये मार्किस द पोंबालची सत्ता असताना राजाचा हुकूम निघाला की पूर्वेकडच्या मुलखात जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांइतकेच मान आणि अधिकार आहेत, त्यांना हिणकस नावांनी हाक मारणं हा गुन्हा आहे. गोव्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो हुकूम बराच काळ दाबून ठेवला. १७७४ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. म्हणजे कागदावर बरोबरी मिळाली. प्रत्यक्षात वरच्या धर्मपदांवर आणि सैन्यातल्या वरच्या हुद्द्यांवर पोर्तुगालहून आलेलेच बसत राहिले. पणजीचे पाद्री कायतान फ्रांसिस्कु कोउतु आणि दिवाडीचे पाद्री जुझे आंतोनिउ गोंसाल्विश हे दोघं शिकलेले, हुशार. बिशपपदाची आशा धरून थेट लिस्बनला गेले आणि रिकाम्या हातानं परतले. इकडे बढती डावललेले गोमंतकीय अधिकारी होतेच. कांदोळीच्या पिंटोंच्या घरी बैठका झाल्या. १७८७ मध्ये कट फुटला. सत्तेचाळीस जण पकडले, त्यात सतरा पाद्री आणि सात लष्करी अधिकारी. पंधरा जणांना १३ डिसेंबर १७८८ रोजी पणजीत फाशी झाली. पाद्र्यांना लिस्बनला नेऊन किल्ल्यात डांबलं. गोंसाल्विश निसटून इंग्रजांच्या मुलखात गेला.

हातात दिलेल्या चारपानी टिपणात ‘सत्तेचाळीस जणांना फाशी’ असं छापलंय. सर तोंडानं बरोबर सांगतात, कागद चुकीचं सांगतो. टिपण फक्त इंग्रजीत आहे, हेही मला पटलं नाही. गाडीतली निम्मी माणसं मराठी वाचणारी असताना चार पानं मराठीत काढायला काय हरकत आहे? मी त्या मुलीला दोन्ही गोष्टी सांगितल्या, तिनं लगेच वहीत टिपून घेतल्या.

कांदोळीचं ते घर खासगी आहे, बाहेरून बघायचं. सरांनी आधीच बजावलं होतं की फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, फोटोत घरातली माणसं येऊ द्यायची नाहीत. हे मला फार योग्य वाटलं. रस्त्याकडेला उभं राहूनच अर्धा तास बोलणं झालं आणि तिथंच कोल्हापूरच्या काकांनी तो प्रश्न विचारला, जो बहुतेक जण मनात घेऊन येतात. “सर, सक्तीनं बाटवलं म्हणूनच बंडं झाली ना?”

सर म्हणाले, “काका, हे कटवाले पाद्री होते. चर्चमध्ये मिस्सा म्हणणारे. त्यांचं भांडण धर्माशी नव्हतं. राजानं स्वतःच्या सहीनं दिलेलं हातात का पडत नाही, याच्याशी होतं.”

काकांचं समाधान झालं नाही, पण ते रागावलेही नाहीत. आग्वादला पोचेपर्यंत दोघांचं चालूच होतं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ पर्यंत, मध्ये १७७४ ला बंद होऊन १७७८ ला पुन्हा सुरू. ती गोव्याच्या मनावरची खोल जखम आहे, हे सरांनी कुठंही लपवलं नाही. मात्र सत्तरीतल्या राणे घराण्याची मोठी बंडं १८५२ पासूनची, म्हणजे इन्क्विझिशन संपून चाळीस वर्षं झाल्यावरची, हेही त्यांनी काकांपुढे ठेवलं. एका कारणात सगळं बसवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

आग्वाद. किल्ला १६१२ चा. खालच्या अंगाला समुद्राकाठी मध्यवर्ती तुरुंग होता, आता तिथं संग्रहालय आहे. १९ डिसेंबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. गर्दी टाळण्यासाठी हे लोक दुपारी जेवणानंतर नेतात, आणि ऊन असलं तरी ते बरोबर आहे, कारण संध्याकाळी तिथं बोलायला जागा मिळत नाही. कोठड्या बघून झाल्यावर सरांनी सगळ्यांना सावलीत बसवलं आणि तासभर गोवा सोडून भलतीकडेच गेले. म्हापशाच्या पोरांनी आधी मोबाइल काढले होते, पाच-दहा मिनिटांत ठेवून दिले.

ते गेले ब्राझीलला. तेही पोर्तुगीजांचंच, त्याच लिस्बनच्या हुकमाखालचं. तिथं मिनास जेराइस प्रांतात सोन्याच्या खाणी. निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा, आणि वर्षाला निदान शंभर आरोबा म्हणजे सुमारे दीड हजार किलो सोनं भरलंच पाहिजे असा दंडक. खाणी आटत गेल्या, आकडा तोच राहिला. थकबाकी साचली आणि ती सगळ्या रयतेकडून एकरकमी वसूल करणार अशी हवा उठली. १७८९ मध्ये, पणजीत पंधरा फाशा होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिथं कट शिजला. त्यात जमीनदार होते, पाद्री होते, कवी होते, लष्करी अधिकारी होते. बऱ्याच जणांकडे राजाच्या खजिन्याचं मोठं देणं थकलं होतं. ज्यानं फितुरी केली तोही थकबाकीदारच, देण्यातून सूट मिळावी म्हणून त्यानं साथीदारांची नावं सांगितली. फाशी गेला तिरादेन्तिश, बढती डावललेला कनिष्ठ अधिकारी, २१ एप्रिल १७९२ रोजी रिओत.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. हजारो मैलांवरची दोन गावं, एकमेकांना न ओळखणारी माणसं, आणि तक्रार तीच, माणसंही त्याच थरातली: पाद्री, अधिकारी, चार अक्षरं शिकलेली. सगळ्यांत दबलेला माणूस यात पुढे नाही. जो जवळजवळ पोचला होता आणि ज्याला उंबऱ्यावर थांबवलं, तो पुढे आहे. माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. दुकानदार तोटा सोसतो, पण खतावणीत येणं दिसत असलेली रक्कम समोरचा ‘तुझी कधी नव्हतीच’ म्हणाला, की तो कोर्टात जातो.

अमेरिकेचं उदाहरण सरांनी थोडक्यात घेतलं, मला ते आणखी हवं होतं. १७६५ चा मुद्रांक कायदा: कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या कॅटवरही शिक्का आणि कर. लोक खवळले, १७६६ मध्ये कायदा मागे घेतला. पण त्याच वेळी इंग्रजांच्या संसदेनं दुसरा कायदा केला की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करायचा पूर्ण अधिकार आमचाच. पुढे १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तिकडे स्वस्त पडेल अशी व्यवस्था झाली, करही किरकोळ, एक पौंड वजनाच्या चहामागे तीन पेन्स. तरी बॉस्टनमध्ये १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. चहा स्वस्त होता! म्हणजे आकडा मोठा की लहान हा प्रश्नच नव्हता. आपल्याला न विचारता आकडा लिहिणारा कोण, हा होता. ती माणसं आपापल्या विधानसभांमध्ये पिढ्यान्पिढ्या स्वतःचे कर स्वतः ठरवत आलेली होती. इंग्लंडातल्या माणसापेक्षा ती कमी कर भरत होती, आणि तरीही १७७६ ला वेगळी झाली. हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते, रकमेपेक्षा अधिकार माणसाला जास्त टोचतो.

ब्राझीलचा शेवटही तसाच झाला. नेपोलियनच्या भीतीनं १८०८ मध्ये पोर्तुगालचा दरबारच रिओला आला, १८१५ मध्ये ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीच्या राज्याचा दर्जा मिळाला. १८२० च्या क्रांतीनंतर लिस्बनची संसद तो दर्जा काढून घ्यायला निघाली, राजपुत्र पेद्रोला परत बोलावलं. ७ सप्टेंबर १८२२ रोजी ब्राझील स्वतंत्र. दिलेलं परत मागितलं आणि सगळाच मुलूख हातचा गेला.

पाठोपाठ गोव्याचं १९३०. माझ्यासाठी सहलीचा कळस हाच. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा कायद्यानं बरोबरीचं नागरिकत्व मिळालं. आमच्या अंत्रूज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, जुन्या माणसांच्या बोलण्यात त्या वीस वर्षांचा उल्लेख अजून येतो: शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, हिंदू माणसं सरकारी नोकरीत दिसू लागली. आणि १९३० मध्ये पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारनं वसाहतींचा कायदा आणला, ज्यात पोर्तुगाल हे मालक राष्ट्र आणि आम्ही त्याच्या ताब्यातला मुलूख हे स्पष्ट लिहून ठेवलं. लुईश द मिनेझिस ब्रागांझांनी ४ जुलै १९३० ला इथल्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारा ठराव आणला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांनी तर १९२८ मध्येच गोवा काँग्रेस कमिटी काढली होती. ही दोघं पोर्तुगीज भाषेत वाढलेली, त्या संस्कृतीत मुरलेली माणसं. साम्राज्याच्या शब्दांवर ज्यांचा सर्वांत जास्त विश्वास होता, तेच आधी उठले. सर हे सांगत असताना त्यांचा आवाज चढला होता आणि मला तो चढलेला आवाज आवडला. कोरडेपणानं सांगायची ही गोष्ट नाही.

तिथंच मोहन रानड्यांची गोष्ट झाली. सांगलीकडचा तरुण, मूळचं नाव मनोहर आपटे, आमच्या फोंडा तालुक्यातल्या सावई-वेऱ्यात मराठी शिकवायला आला आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र लढणाऱ्या गटात गेला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये. म्हापशाच्या एका पोरानं विचारलं, “म्हणजे इथं झेंडा बदलल्यावरही सात वर्षं ते आतच?” हो, सातहून अधिक. तो पोरगा नंतर बराच वेळ गप्प होता.

शनिवारबद्दल माझी एकच मोठी तक्रार आहे. परतीची वाट मिरामारजवळून नेता आली असती आणि बेर्नार्दु पेरिश द सिल्वाची गोष्ट त्या जागी सांगता आली असती. नेवऱ्याचा हा गोंयकार १८३५ च्या जानेवारीत गोव्याचा प्रमुख म्हणून गादीवर बसला, या मातीतला पहिला. १ फेब्रुवारीला त्याला हाकलून लावलं. कुणी? इथंच जन्मलेल्या, पोर्तुगीज वंशाच्या लष्करवाल्यांनी. पुढे मे महिन्यात त्याच्या बाजूच्या शिपायांची गास्पार दियसच्या कोटात कत्तल झाली. तो कोट मिरामारलाच होता. ही गोष्ट सहलीच्या मूळ प्रश्नाला धार लावते, कारण इथं बंड करणारे स्वातंत्र्य मागत नव्हते. गावचा माणूस डोक्यावर बसला हे त्यांना सहन झालं नाही. वसाहतीत राहणारे सगळेच एका कारणासाठी उठत नाहीत, काही जण दुसऱ्याला बरोबरी मिळू नये म्हणूनही उठतात. सरांना हे सगळं माहीत आहे, गाडीत त्यांनी दोन वाक्यांत उल्लेख केला. दोन वाक्यांत उरकायची ही गोष्ट नव्हे.

आता रविवार. सकाळी वाळपईमार्गे नाणूसचा किल्ला, मग थेट मडगाव, मग कुंकळ्ळी, आणि अंधार पडायच्या आत पणजी. एवढं एका दिवसात मावत नाही. नाणूसला जांभ्या दगडाचे अवशेष आणि झाडी आहे, नुसतं बघायला गेलात तर निराश व्हाल. ऐकायला गेलात तर नाही. हा सत्तरी तालुका पोर्तुगीजांकडे आला तो अठराव्या शतकात, नव्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात. घेताना त्यांनी इथल्या लोकांचा धर्म, देवळं, चालीरीती आणि वतनं सांभाळायचं कबूल केलं होतं. राण्यांचे मोकासे, म्हणजे जमीन-महसुलाचे वंशपरंपरागत हक्क, याच वचनावर उभे. हळूहळू कर आले, हक्कांना कात्री लागली, आणि १८५२ च्या जानेवारीत दिपाजी राण्यांनी नाणूस घेतला. तीन वर्षं पोर्तुगीजांना दम खाऊ दिला नाही, १८५५ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. १८९५ चं तर शिपायांपासून सुरू झालं. मोझांबिकला लढायला जा असा हुकूम आला, मराठा शिपायांनी नकार दिला आणि ते नाणूसला आले, मग दादा राणे त्यांच्यासोबत उभे राहिले. लिस्बनहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावं लागलं.

वाळपईचं जेवण उत्तम. घरगुती खानावळ, नुस्त्याची थाळी, किसमूर, सोलकढी. शाकाहारींना खतखतं होतं आणि ते मी दोनदा घेतलं. वाढणाऱ्या मावशी “बाये, आनीक शीत घे गो” म्हणत मागे लागल्या. स्वच्छतागृह मात्र नाणूसला नाही, वाळपईतच आटोपून घ्यावं लागतं, आणि हे आयोजकांनी बायकांना आदल्या दिवशी सांगायला हवं होतं.

मडगावला लोहिया मैदानावर पोचलो तेव्हा सगळे दमलेले. १८ जून १९४६ ची सभा, भर पाऊस, राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस, पिस्तूल रोखलेला अधिकारी, लोहियांनी बाजूला सारलेला त्याचा हात. हे प्रत्येक गोंयकाराला पाठ आहे आणि सरांनीही पाठ म्हटल्यासारखंच सांगितलं. एक तपशील मात्र नेमका उचलला: त्या काळी लग्नाची पत्रिका छापायलासुद्धा आधी सरकारी परवानगी लागायची. भाषणबंदी चार पुढाऱ्यांना जाचते, लग्नपत्रिका प्रत्येक घरात जाते. मैदान भरलं ते का, हे मला त्या एका गोष्टीवरून उमगलं. दुसऱ्या बाजूला, त्या जूनमध्ये मडगावात पकडलेल्या वत्सला कीर्तनींचं नाव आलं नाही. १९५५ ते १९६१ या काळात सरहद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाईंना एकच वाक्य मिळालं, म्हापशात १९५५ च्या एप्रिलमध्ये बंदी मोडून सभेचं अध्यक्षपद घेणाऱ्या सुधाताई जोशींना तेवढंही नाही. पुण्याच्या ताईंनी हे विचारलं तेव्हा सर म्हणाले, “वेळ नाही हो.” वेळ नसेल तर थांबे कमी करा, बायका कमी करू नका.

कुंकळ्ळीला वीस मिनिटं मिळाली. सगळ्यांत जुनं बंड, आणि त्याला सगळ्यांत कमी वेळ! १५८३ चा जुलै. देवळं पाडलेली, गावकऱ्यांनी कर भरायचं नाकारलेलं, आणि क्रॉस उभारायला जागा बघायला आलेले पाच जेझुइट पाद्री आणि त्यांच्यासोबतची काही माणसं जमावानं मारली. त्यानंतर बोलणी करायला म्हणून सोळा गावकऱ्यांना असोळण्याच्या कोटात बोलावलं आणि दगा करून मारलं. एक जण तेवढा नदीत उडी टाकून वाचला असं सांगतात. गावाच्या जमिनी गेल्या. स्मारकाजवळ उभं राहून हे ऐकताना भाचेबुवा गाडीचा हॉर्न वाजवत होता.

आणि हा थांबा घाईत उरकायचा नव्हता याचं कारण असं की इथं सरांचं आदल्या दिवशीचं ‘दिलेलं हातात पडत नाही’ हे उत्तर तोकडं पडतं. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना साम्राज्यानं काही द्यायचं कबूल केलेलं नव्हतं. त्यांचं जे होतं ते बापजाद्यांचं होतं: गावकी, शेत, देऊळ, गावाचा निर्णय गावात घ्यायचा हक्क. ते गेलं म्हणून ते उठले. पिंटोंना नवं कबूल केलेलं मिळेना म्हणून ते उठले. राणे मधले, त्यांच्याकडे जुनंही होतं आणि वचनही. तिन्ही ठिकाणी माणसानं जे मनानं स्वतःचं धरलं होतं त्यालाच हात लागला. मला वाटतं सहलीचं खरं उत्तर हे आहे, आणि ते नाणूस-कुंकळ्ळी एकमेकांशेजारी ठेवून निवांत बोललं तरच नीट दिसतं.

मग ज्यांचं कधीच काही नव्हतं त्यांचं काय? परतीच्या वाटेवर मी सरांना हेच विचारलं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर झोपडं बांधून राहणारा मुंडकार, दुसऱ्याचं शेत कसणारे कूळ, गावकीच्या वाट्यात कधीच नसलेली घरं. पिंटो, राणे, गावकरी सगळे मानाचे मानकरी. मुंडकारानं कुणासाठी उठायचं? सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “त्याचं बंड १९६१ नंतर सुरू झालं, आणि ते आपल्याच लोकांविरुद्ध होतं.” १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा. माझ्या आजोळी कुळाचं शेत होतं, त्या कायद्यांनी आमच्या घरात काय बदललं ते मला ठाऊक आहे. मी त्यांना म्हटलं, सर, हा भाग सहलीत घाला. एखाद्या गावात थांबा, एखाद्या म्हाताऱ्या कुळाशी बोलणं करून द्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. मात्र ‘लोकांना किल्ले बघायचे असतात’ हेही म्हणाले. मला हे मान्य नाही. जी माणसं सुट्टीच्या दिवशी समुद्र सोडून बंडांची कारणं ऐकायला येतात, त्यांना हेही ऐकायचं असतं.

घ्यावी का, तर जरूर घ्यावी. शक्य असेल तर फक्त शनिवार मागून घ्या, एका दिवसाचे ते १,७०० रुपये घेतात. रविवारसाठी माझी सूचना अशी की नाणूस एका दिवशी आणि मडगाव-असोळणा-कुंकळ्ळी वेगळ्या दिवशी करा. लोक तिसऱ्या दिवसाचेही पैसे देतील, मी तरी देईन. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना आणू नका, बसून ऐकायचं फार आहे. आठवीच्या वरच्यांना मुद्दाम आणा. पावसाळ्यात नाणूसच्या वाटेवर जळवा असतात, तेव्हा बूट घाला. बसमधल्या मागच्या दोन बाकांवर सरांचा आवाज पोचत नाही, पुढची जागा धरा. आणि कागद मराठीत छापून झाला का ते नोंदणी करताना त्या मुलीला आठवणीनं विचारा, चार जणांनी विचारलं की होईल.